कंपनीतल्या कंपनीत सॉफ्टवेअरची क्वालिटी कशी तपासावी? जिनिंगच्या एका प्रॉडक्टच्या निमित्तानं

प्रश्न थोडक्यात असा: जळगावात तीसेक माणसांची कंपनी आहे. जिनिंग (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणारे कारखाने), दालमिल, केळीचे व्यापारी आणि सराफ दुकानं यांच्यासाठी काटा, खरेदी, स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते. दोन टेस्टर आहेत, वेगळा क्वालिटी विभाग नाही. मालकांनी सांगितलंय, "आपलं सॉफ्टवेअर नेमकं कितपत चांगलं आहे, ते तपासून महिन्याभरात रिपोर्ट द्या." कुठून सुरुवात करायची, काय मोजायचं आणि कशात फसायला होतं?

पहिलं काम संगणकाला हात न लावता करायचं आहे. मालकांना विचारा, की रिपोर्ट हातात आल्यावर ते कोणता निर्णय घेणार आहेत. "क्वालिटी कितपत आहे" हा प्रश्न दिसतो एक, पण त्याच्या पोटात निदान तीन वेगळे प्रश्न असतात. मोठं गिऱ्हाईक येऊ घातलंय आणि त्याला हे झेपेल का? जुना कोड टाकून नव्यानं लिहायचा की डागडुजी करायची? की सपोर्टचे फोन वाढलेत आणि कारण सापडत नाही? पहिल्यासाठी लोड (गर्दीचा ताण) आणि सुरक्षेवर जोर द्यावा लागतो, दुसऱ्यासाठी कोडवर, तिसऱ्यासाठी तक्रारींवर. हे न ठरवता निघालात तर महिन्याच्या शेवटी साठ पानांचा रिपोर्ट होतो आणि तो कोणीच वाचत नाही. निर्णय एका कागदावर तीन ओळींत लिहा आणि मालकांची सही घ्या.

त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी लिहून घ्या. एक, कोणतं प्रॉडक्ट. चार प्रॉडक्टं आणि एक महिना हे गणित जमत नाही, एकच घ्या. इथे जिनिंगचं घेतलंय असं धरून पुढचं लिहितो, कारण त्यात पैसा, वजन आणि घाई तिन्ही एकत्र येतात. दुसरी गोष्ट, या तपासणीतला कोणताही आकडा कोणाच्या पगारवाढीत वापरला जाणार नाही. हे वाक्य नसेल तर दुसऱ्या दिवसापासून बग रजिस्टरमध्ये चढायचे बंद होतात आणि तोंडी मिटवले जातात.

वेळही बघा. दसरा-दिवाळीपासून कापसाच्या आवकेत सपोर्टची माणसं फोनवरून उठत नाहीत, तेव्हा ही तपासणी काढू नका. जून ते ऑगस्ट बरा. सराफांचं प्रॉडक्ट असेल तर आखाजी (अक्षय तृतीया) आणि धनत्रयोदशीचे आगे-मागे पंधरा दिवस सोडा. माणसं मोकळ्या महिन्यातली घ्या, डेटा मात्र सीझनचा घ्या. माणसं दोन पुरतात, रोज अर्धा दिवस, वीस कामाचे दिवस. स्वतः लिहिलेला कोड स्वतः तपासायचा नाही, एवढं पथ्य पाळा. दालमिलच्या टीममधला एक जण जिनिंगवर बसवला तरी चालतं.

मग मापदंड. आयएसओ/आयईसी २५०१० हे मानक प्रॉडक्टच्या गुणवत्तेचे पैलू सांगतं. २०११च्या आवृत्तीत आठ होते, २०२३च्या आवृत्तीत नऊ झाले. सगळे नऊ घेऊन बसू नका, ती यादी काही राहून गेलं का हे बघायला चांगली आहे. जिनिंगला पाच पुरतात: हिशोब बरोबर येतो का, वीज गेली किंवा डिस्क गेली तर डेटा टिकतो का, गर्दीत वेग राहतो का, काट्यावरच्या माणसाला ते न चुकता वापरता येतं का, आणि उद्या नियम बदलला तर कोड बदलता येतो का. सुरक्षा या पाचांच्या शेजारी वेगळी ठेवा. कशाला किती वजन द्यायचं यावर वाद घालण्यापेक्षा मालक, सपोर्टचा प्रमुख आणि एक जुना डेव्हलपर अशा तिघांना प्रत्येकी शंभर रुपये वाटून द्यायला सांगा. मालक वेगावर चाळीस लावतात आणि सपोर्टवाला बॅकअपवर साठ, तेव्हा तो फरकच तुमचा पहिला निष्कर्ष असतो.

आता तक्रारी. सगळ्यात जास्त माल इथेच दडलेला असतो, म्हणून इथे चार दिवस द्या. गेल्या बारा महिन्यांचं सगळं गोळा करा: तिकिटं, सपोर्टच्या फोनवरचे व्हॉट्सअ‍ॅप चॅट, वहीत लिहिलेले कॉल. त्यातून दोनशे काढा. सीझनच्या पाच महिन्यांतले १२० आणि बाकी वर्षातले ८०, आणि निवड डोळे मिटून म्हणजे दर पाचवा किंवा दर सातवा. मनानं निवडायला गेलात की लक्षात राहिलेल्याच तक्रारी येतात. मग प्रत्येक तक्रार एका खणात टाका: कोडमधली चूक, चुकलेला डेटा, बाहेरचं कारण (प्रिंटर, वीज, विंडोज अपडेट), वापराची माहिती नसणं, सरकारी नियम बदलणं. पहिल्या पन्नास दोघांनी एकमेकांना न दाखवता टाकायच्या. चाळीसपेक्षा कमी जुळल्या तर खणांच्या व्याख्या ढिल्या आहेत. त्या नीट करा आणि मगच पुढे जा.

इथे अडचण येते ती नोंदींच्या भाषेची. सपोर्टवाला "हँग" लिहून मोकळा होतो. एकाच "हँग"मध्ये सर्व्हरचं लॅन निघालेलं असतं, दुसऱ्या मशीनवर रिपोर्ट चालू असल्यानं टेबल लॉक झालेलं असतं, प्रिंटरचा कागद संपलेला असतो किंवा खरोखर कोड अनंत फेऱ्या मारत असतो. गिऱ्हाईक फोनवर "बिल निंघत नही" म्हणालं की "डाटा उडी गया" म्हणालं, ते त्याच्याच शब्दांत लिहायची सवय लावा. पहिल्यात प्रिंटर किंवा सेव्हचा प्रश्न असतो, दुसऱ्यात बहुतेक वेळा तारखेचं फिल्टर किंवा मागचं आर्थिक वर्ष उघडलेलं असतं. शब्द गाळले की निदानही गळतं.

बग रजिस्टर आणि या तक्रारी शेजारी ठेवून दोन आकडे काढा. एक, एका आवृत्तीतल्या एकूण दोषांपैकी किती घरातच सापडले. समजा रिलीजआधी तुम्हाला १२० सापडले आणि पुढच्या नव्वद दिवसांत गिऱ्हाइकांना ४०, तर प्रमाण ७५ टक्के. हा आकडा दुसऱ्या कंपनीशी ताडून उपयोग नाही, दोष मोजायची रीत प्रत्येकाची वेगळी. तुमच्याच मागच्या आवृत्तीशी ताडा. दुसरा, "सोडवलं" म्हणून बंद केलेले किती दोष पुन्हा उघडले. हा चढत असेल तर घाईत लक्षण झाकलं जातंय, कारण शिल्लक राहतंय.

आणि ज्यांचे फोनच येत नाहीत, त्यांपैकी दहा गिऱ्हाइकांना स्वतः फोन करा. फोन नाही म्हणजे समाधान आहे असं नसतं. पुष्कळदा दिवाणजींनी स्टॉकचा भाग केव्हाच सोडून दिलेला असतो, रुईच्या गठाणी (गाठी) वहीत मांडतात आणि तुमच्या सॉफ्टवेअरमधून फक्त बिल छापतात. अशा ठिकाणी तक्रार शून्य आणि वापरही शून्य. कॉम्प्युटरशेजारी चिकटवलेली चिठ्ठी दिसली तर तिचा फोटो घ्या. "आधी एफ५ दाबणे, मग सेव्ह" असली चिठ्ठी म्हणजे कोणी न नोंदवलेला बग.

त्यानंतर एक ट्रॉली धरा आणि तिला गेटपासून पेमेंटपर्यंत सोडू नका. हिशोबाची तपासणी स्क्रीन-स्क्रीन करून होत नाही, व्यवहार आडवा कापून बघावा लागतो. भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन ४,६६५ किलो, रिकाम्याचं ३,१०० किलो, निव्वळ १,५६५ किलो म्हणजे १५.६५ क्विंटल. भाव ७,२५० रुपये धरला तर रक्कम १,१३,४६२ रुपये ५० पैसे. हे कागदावर हातानं मांडा. आता हीच ट्रॉली सॉफ्टवेअरमध्ये घाला आणि छापलेलं बिल, शेतकऱ्याचं खातं, खरेदी रजिस्टर आणि एक्सेलला गेलेला रिपोर्ट असे चार कागद शेजारी ठेवा. रुपयात पूर्ण केल्यावर एका ठिकाणी १,१३,४६२ आणि दुसऱ्या ठिकाणी १,१३,४६३ दिसण्याची दाट शक्यता आहे. कारण साधं आहे. डॉटनेटचं (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्राम लिहायचं साधन) राउंड फंक्शन वेगळं काही सांगितलं नाही तर नेमक्या अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेतं, म्हणून ४६२. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचं राउंड आणि एक्सेलचं राउंड अर्ध्याला वर नेतात, म्हणून ४६३. स्क्रीनवरचा आकडा एकानं काढला, रिपोर्टमधला दुसऱ्यानं. एका बिलात रुपया, पण सीझनच्या शेवटी खातं जुळत नाही म्हणून दिवाणजी रात्र काढतात आणि शेवटी "सॉफ्टवेअरच चुकतं" असं म्हणून मोकळे होतात. जीएसटी कायद्याचं कलम १७० कराची रक्कम रुपयात पूर्ण करताना पन्नास पैसे वा जास्त असतील तर वरचा रुपया धरायला सांगतं, त्यामुळे सगळीकडे एकच रीत ठरवायची तर अर्ध्याला वर नेणारी ठरवा आणि ती एकाच फंक्शनमध्ये ठेवा. रकमा फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) साठवल्या आहेत का तेही बघून घ्या. डेसिमल (नेमका साठवणारा) हवा.

सराफांच्या प्रॉडक्टमध्ये याचं भावंड भेटतं. करपात्र रक्कम ४५,६७७ असेल तर तीन टक्के जीएसटी १,३७०.३१ येतो. पण केंद्राचा दीड आणि राज्याचा दीड वेगवेगळा काढून पैशात पूर्ण केला तर ६८५.१६ अधिक ६८५.१६, म्हणजे १,३७०.३२. एक पैसा. कोणता बरोबर यावर भांडू नका, बिल आणि रिटर्न दोन्हीकडे एकच पद्धत आहे का ते बघा.

त्याच ट्रॉलीला आता वाकड्या वाटेनं न्या. भाव सकाळी ७,२५० होता, दुपारी ७,३०० झाला. ट्रॉलीचा सौदा अकराला झाला, बिल चारला निघालं. सॉफ्टवेअर कोणता भाव घेतं? भाव सौद्याला बांधलेला हवा, दिवसाला नव्हे. भरलेलं वजन रात्री ११:४० ला झालं आणि रिकामं १२:२० ला. पावती कोणत्या तारखेची? हेच ३१ मार्चच्या रात्री करून बघा, आर्थिक वर्ष बदलल्यावर रिकाम्या वजनाला त्याची जोडी सापडते का. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर नोंदणीकृत खरेदीदारानं रिव्हर्स चार्जनं कर भरायचा असतो, नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतला तर तसं नसतं. पार्टीचा प्रकार चुकून बदलला तर जुन्या बिलांचा कर बदलतो का? बदलत असेल तर तो सगळ्यात वरच्या पातळीचा दोष. ओलाव्याच्या कपातीत काठावरचे आकडे घाला. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळ) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत कपात नाही, १२ पर्यंत कपातीसह माल घेतात, म्हणून ८.०, ८.१, १२.० आणि १२.१ हे चारही घालून बघा. दहा घालून बघितला तर काहीच कळत नाही, चुका नेहमी उंबरठ्यावर बसलेल्या असतात.

खान्देशाला मध्य प्रदेश आणि गुजरातची हद्द लागून आहे, त्यामुळे एक केस कधीच सोडू नका. पार्टीच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक २३ (मध्य प्रदेश) किंवा २४ (गुजरात), आणि पत्त्यात ऑपरेटरनं सवयीनं "महाराष्ट्र" निवडलेलं. सॉफ्टवेअर कर (राज्यातला की आंतरराज्य) कशावरून ठरवतं? रुईचं बिल बुऱ्हाणपूरच्या नावावर आणि माल उतरणार तिसऱ्याच ठिकाणी, तेव्हा काय करतं? फक्त २७ (महाराष्ट्र) असलेल्या पार्ट्यांवर टेस्ट करून "जीएसटी तपासला" असं लिहिणं म्हणजे ओसरीवर बसून घर बघितल्यासारखं आहे.

नावांचीही परीक्षा घ्या. एका गावाच्या यादीत पाटील आडनावाचे चाळीस शेतकरी घाला, त्यांत चार जणांचं पहिलं नावही एकच ठेवा. काट्यावरचा माणूस घाईत वरचं नाव निवडतो आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. यादीत वडिलांचं नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार अंक शेजारी दिसायला हवेत. मराठी छपाईत "शेतकऱ्याचे", "वऱ्हाडे", "ज्ञानेश्वर", "कृष्णा" हे शब्द घालून बघा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडवर आलेल्या डेटात "ऱ्य" हमखास फुटतो, आणि दोन प्रकारे साठवलेलं एकच नाव शोधताना सापडत नाही.

काटा ही वेगळी जागा आहे. वजन इंडिकेटरवरून (काट्याचं वजन दाखवणारं यंत्र) सिरियल पोर्टच्या केबलनं कॉम्प्युटरवर येतं. ट्रॉली प्लॅटफॉर्मवर हलत असताना सेव्ह दाबून बघा. वजन तीन सेकंद स्थिर राहिल्याशिवाय सॉफ्टवेअरनं ते घेऊ नये. केबल काढून ठेवा आणि बघा, की जुनंच वजन स्क्रीनवर तसंच राहतं का. राहत असेल तर पुढची ट्रॉली मागच्याच्या वजनानं जाईल. हातानं वजन टाइप करायची सोय असेल तर कोणी, कधी आणि काय बदललं याची नोंद राहते का? जे जिनिंग कंपनी म्हणून नोंदलेले आहेत, त्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणं आणि ती बंद करता न येणं कायद्यानंच लागू आहे.

आता डेटा टिकतो का. इथे कागदपत्रं वाचू नका, प्लग ओढा. टेस्ट मशीनवर बिल सेव्ह होत असताना वीज तोडायची, वीस वेळा, दर वेळी थोडी वेगळ्या क्षणी. प्रत्येक वेळेनंतर तीन गोष्टी तपासा: बिलाचं डोकं आहे पण आतल्या ओळी नाहीत असं झालं का, बिल नंबर मध्येच सुटला का, आणि स्टॉक वाढला पण खातं नाही असं झालं का. वीसपैकी एकदा जरी झालं तरी ते सेव्ह एका ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) गुंडाळलेलं नाही. "गिऱ्हाइकाकडे यूपीएस आहे" हे उत्तर मान्य करू नका. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. इकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि काट्याची केबिन पत्र्याची असते, म्हणून सीझन सुरू होईपर्यंत ती बॅटरी नुसती ठेवायला उरते.

बॅकअपचं तर "झाला" असं म्हणणाऱ्या मेसेजवर कधीच विश्वास ठेवू नये. पाच गिऱ्हाइकांकडून कालची बॅकअप फाइल मागवा. एक मोठं, एक लहान, एक जुन्या आवृत्तीवरचं, एक ज्यांचा फोन येत नाही आणि एक ज्यांचा रोज येतो. कोऱ्या लॅपटॉपवर रिस्टोअर करा, घड्याळ लावून. फाइल आली का, उघडली का, बिलांची संख्या आणि अखेरचा स्टॉक गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशी जुळतो का, एकूण किती मिनिटं लागली. पाचपैकी एकाची फाइल शून्य केबीची निघते, एकाची त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात पडलेली असते, एकाचा पेन ड्राइव्ह कायम मशीनला लावलेला असतो म्हणजे रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर तोही जाणार. असं काही निघालं तर रिपोर्टची वाट पाहू नका, त्याच संध्याकाळी सपोर्टला सांगा. तपासणीच्या शिस्तीपेक्षा गिऱ्हाइकाचा डेटा मोठा.

वेगासाठी रिकामा डेटाबेस घेऊ नका, चुकीचा धीर मिळतो. पाच वर्षांचा डेटा असलेल्या गिऱ्हाइकाची प्रत घ्या (नावं आणि खाते क्रमांक बदलून). गेल्या सीझनचा सगळ्यात गर्दीचा दिवस शोधा, त्या दिवशी तासाला किती पावत्या झाल्या ते मोजा आणि त्याच्या दुप्पट घाला, सोबत दुसऱ्या मशीनवर स्टॉक रिपोर्ट चालू ठेवून. सरासरी वेळ लिहू नका. सेव्हची सरासरी सव्वा सेकंद असते आणि शंभरातल्या सहा वेळा चौदा सेकंद लागतात. गेटवर ट्रॅक्टरांची रांग लावतात ते हे सहा. म्हणून शंभर पावत्या कमी वेळेकडून जास्त वेळेकडे ओळीनं लावा आणि पंच्याण्णवाव्या पावतीला किती लागले, तो आकडा द्या.

वापराची तपासणी गिऱ्हाइकाच्या जागेवरच होते. पाच ऑपरेटर, प्रत्येकाला सहा कामं: नवीन शेतकरी, दोन वजनं, चुकलेली पावती रद्द करणं, उचल वजा करून बिल, दिवसअखेर. तुम्ही मागे उभे राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. हे शेवटचंच सगळ्यात अवघड जातं. डेव्हलपर सोबत नेलात तर तो तिसऱ्या मिनिटाला "ते उजवीकडे बघा ना" म्हणतोच. माऊस काढून ठेवूनही एकदा करून घ्या, रुईच्या धुळीत माऊस फार दिवस जगत नाही.

कोडकडे यायचं ते इतक्या उशिरा, आणि मुद्दाम. उलट केलं तर पहिल्याच दिवशी टूल चौदा हजार इशारे देतं, मालक घाबरतात आणि टीम चिडते. स्टॅटिक अ‍ॅनालिसिसचं (कोड न चालवता तपासणारं) टूल लावा, पण त्याच्या आकड्यांना गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणारं साधन) इतिहासाची जोड द्या. गेल्या बारा महिन्यांत ज्या फाइली सगळ्यात जास्त वेळा बदलल्या, त्यातल्या ज्या सगळ्यात गुंतागुंतीच्या, अशा दहा काढा. गुंतागुंतीचं (कोडमध्ये किती वाटा फुटतात याचं) थॉमस मॅकेब यांचं १९७६चं माप आजही चालतं, एका फंक्शनला दहाच्या आत असावं असं ते सांगतं. बिल सेव्ह करणाऱ्या फंक्शनचं साठ-सत्तर निघालं तर नवल नाही. जुनी पण वर्षानुवर्षं कोणी न छेडलेली फाइल कितीही कुरूप असली तरी तिला हात लावू नका. या दहा मात्र दोघांनी मिळून वाचा, तासाला दोनशे ओळींपेक्षा वेगानं नाही. वेगानं वाचलं की डोळे फक्त स्पेलिंग पकडतात.

गिटच नसेल, आणि सर्व्हरवर "फायनल", "फायनल नवीन", "फायनल नवीन दिवाळी" अशी फोल्डरं असतील, तर कोडच्या भागातला पहिला निष्कर्ष तिथेच लिहून झाला. आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांचं खरं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं. एका गिऱ्हाइकाला पावतीवर वाहन नंबर वर हवा होता, दुसऱ्याला कटतीचा (वजनातल्या कपातीचा) हिशोब वेगळा, म्हणून प्रत्येकासाठी कोडची नक्कल झाली आणि वेगळी एक्सई (प्रोग्रामची फाइल) गेली. आता कराचा एक नियम बदलला की तोच बदल अडतीस ठिकाणी करायचा. त्यातल्या सदतीस ठिकाणी होतो, आणि जिथे राहिला ते गिऱ्हाईक सीएकडून नोटीस घेऊन येतं. म्हणून सपोर्टला सांगा, पुढचे पन्नास कॉल आले की प्रत्येकाची आवृत्ती लिहून ठेवा. पन्नास कॉलमध्ये किती वेगळ्या आवृत्त्या निघाल्या, हा एकच आकडा मालकांना कोणत्याही आलेखापेक्षा लवकर समजतो.

दोन स्वस्त चाचण्या अजून. सगळ्यात नवीन लागलेल्या मुलाला कोरा लॅपटॉप द्या आणि प्रॉडक्ट चालू होईपर्यंत किती तास लागतात आणि किती वेळा उठून विचारावं लागतं ते मोजा. आणि मॉड्यूलांची यादी करून प्रत्येकापुढे ते दुरुस्त करू शकणाऱ्यांची नावं लिहा. जिथे एकच नाव आहे तिथे तो मुलगा पुण्याला गेल्यावर काय, हा प्रश्न लिहा.

सुरक्षेला दोन दिवस पुरे. "अ‍ॅडमिन, १२३४" हा पासवर्ड किती ठिकाणी आहे, डेटाबेसच्या मुख्य खात्याचा पासवर्ड सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच आहे का, रिमोट सपोर्टचे पासवर्ड कुठल्या एक्सेलमध्ये पडलेत. मग काट्याच्या ऑपरेटरच्या लॉगिननं मालकाचा नफा-तोटा उघडायचा प्रयत्न करा, मेनूतून नाही, तर रिपोर्टची फाइल थेट उघडून. ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१च्या दहा धोक्यांच्या यादीत पहिलं स्थान याच प्रकाराला आहे: मेनू लपवला, दरवाजा उघडाच.

रिपोर्ट सहा पानांच्या पुढे जाऊ देऊ नका. शंभरपैकी अमुक गुण असा एकच आकडा तर अजिबात नको. बॅकअपचे शून्य आणि दिसण्याचे नव्वद मिळून सरासरी चांगली दिसते. चार पातळ्या ठेवा: पैसा चुकतो किंवा डेटा जातो, काम थांबतं आणि दुसरी वाट नाही, वाट आहे पण वळसा पडतो, नुसतं दिसायला वाईट. प्रत्येक निष्कर्षाला पुरावा जोडा (कोणता डेटा, कोणती आवृत्ती, किती वेळा), परिणाम लिहा, दुरुस्तीचे अंदाजे दिवस लिहा. व्यक्तीचं नाव कुठेही नको, मॉड्यूलचं चालेल. मालकांकडे नेण्याआधी दोन दिवस टीमला वाचायला द्या. मत बदलण्यासाठी नाही, चुकलेली माहिती सुधारण्यासाठी. त्यांनी दाखवलेल्या चुका खऱ्या असतात आणि पुढे बैठकीत तुमची फजिती टळते. पहिल्या पानावर सुरुवातीचा तीन ओळींचा निर्णय आणि त्याचं सरळ उत्तर.

बैठकीत हमखास दोन सूचना येतात. "आपण आयएसओ ९००१ घेऊन टाकू." घ्या, टेंडरला लागतं. पण ते कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, ट्रॉलीचं बिल बरोबर येतं असं ते म्हणत नाही. दुसरी सूचना, टेस्टरला सापडलेल्या बगमागे बक्षीस द्यायची. मग लेबलच्या रंगाचे तीस बग येतात, डेव्हलपर प्रत्येकावर "असंच ठरलं होतं" लिहितो, आणि राउंडिंगचा एक बग शोधायला लागणारे तीन दिवस कोणीच देत नाही.

पहिल्या पातळीचे दोष आणि बॅकअप आधी उरका, आवृत्त्या एक करण्याचं काम सीझन संपल्यावर घ्या. सहा महिन्यांनी पुन्हा मोजाल तेव्हा तेच आकडे, त्याच रीतीनं मोजा: घरात सापडलेल्या दोषांचं प्रमाण, पुन्हा उघडलेले दोष, पंच्याण्णवाव्या पावतीची वेळ, पन्नास कॉलमधल्या आवृत्त्या, आणि रिस्टोअरची मिनिटं. रिस्टोअरसाठी बॅकअप मागवताना त्याच पाच गिऱ्हाइकांकडून मागवा, आणि त्यांना आदल्या दिवशी कळवू नका.